बंदच्या दिवसाची चुनेगच्ची

साहेब, तुम्ही उंबरठा ओलांडला नाहीत. जीप गल्लीच्या तोंडाशी थांबवलीत, नाकाला रुमाल लावलात, हातभर लांबून काठीनं भिंतीला एकदा टोचलंत आणि शिपायाला म्हणालात, "मार फुली." लाल रंगाची फुली, दरवाज्याशेजारी, नांदत्या घराच्या छातीवर. आत कोण राहतं ते विचारलं नाहीत. तुळई सागाची का आंब्याची, एवढं तरी मान वर करून बघायचं! कसाईसुद्धा बोकड घेताना त्याचे दात बघतो हो. तुम्ही तेवढीही तसदी घेतली नाहीत. तोंडातलं पान थुंकायला जितका वेळ लागतो तेवढ्यात तुम्ही एका घराचं मरण ठरवलंत. आणि मी पुढे आले तर काय म्हणालात? "बाईमाणसाशी काय बोलायचं? घरातला थोरला कोण? तो पायरीवर उभा राहून जबाबदारी घेत असेल तर बघू. नाहीतर मशीन येईल." तोडायला मशीन आणि बोलायला पुरुष! लाज कुठल्या खात्यात जमा केलीत, साहेब?

हे सगळं कस्तुरी सुलाखे मनातल्या मनात बोलत होती. गच्चीवर, उकिडवं बसून, हातात चोपणं घेऊन. पडकी ठरवलेली घरं पाडणारा पालिकेचा साहेब उद्या दहाला यायचा होता आणि तिनं भाषण तीन दिवस घोटलं होतं. पण भाषणाचा उपयोग नव्हता. साहेबाला तिचा आवाज नको होता, अण्णाचा हवा होता. तिचा थोरला भाऊ पुरुषोत्तम. तो उद्या पायरीवर उभा राहून "घर पक्कं आहे, माझी जबाबदारी" म्हणाला तर घर राहील. नाही म्हणाला तर गेलं. बळेपेटेतल्या त्या अकरा फूट रुंद घराचा जीव आता अण्णाच्या जिभेच्या टोकावर होता.

आणि आजच नेमका बंद.

कशासाठी होता ते निम्म्या बेंगळूरला ठाऊक नव्हतं. बंद म्हटलं की शटर ओढायचं, एवढं शहर शिकलं होतं. बसेस डेपोत, रिक्षा गल्लीत आडव्या. गच्ची चोपणाऱ्या बाया आनेकलकडून सकाळच्या बसनं यायच्या. बस नाही तर बाया नाहीत, बाया नाहीत तर मेस्त्रीही नाही. विटांचा चुरा आणि चुना कालवून वीतभर जाडीचा थर गच्चीवर अंथरला होता, त्याला आज तिसरा दिवस. दोन दिवस बायांनी ओळीनं बसून तो चोपला, गूळ आणि हिरड्याचं पाणी शिंपडत, कुल्ल्यावर सरकत सरकत. अजून आजचा दिवस हवा होता. आज हात थांबले तर थर वरून वाळणार, आतून भुसभुशीत राहणार, भेगा पडणार. मग पहिल्याच पावसाला घर गळणार आणि साहेबाची फुली खरी ठरणार. चुन्याला बंद कळत नाही.

म्हणून ती एकटीच चोपत बसली होती. थप. थप. थप. खोलीएवढ्या गच्चीवर एक बाई म्हणजे ताटलीवर मुंगी.

ट्रंक एक्स्चेंजमध्ये तिची बावीस वर्षं गेली होती, कानाला हेडफोन लावून. हुबळी बोला, सोलापूर बोला, तीन मिनिटं झाली, कट करू? मग एसटीडी आली, बोर्ड बंद झाले, आणि खात्यानं हातात स्वेच्छानिवृत्तीचे पैसे ठेवले. तिच्याबरोबरीच्या बायकांनी सोनं केलं, मुलींची लग्नं केली. कस्तुरीला ना मुलगी होती, ना नवरा. तिनं बसवनगुडीला मागच्या बोळातलं कौलारू दोन खोल्यांचं घर घेतलं, कुणी फुकटातही घेतलं नसतं असं. दोन वर्षं खपून उभं केलं, एका वीणावादक म्हाताऱ्याला विकलं आणि त्यातून हे घेतलं. अण्णा सगळ्या नातेवाइकांत सांगायचा, "लोकांच्या बहिणी साड्या घेतात, आमची पडकी घरं घेते." सगळे हसायचे. तीही हसायची. तिला ठाऊक होतं की चुन्याच्या भिंतीला तळहात लावला की काय होतं ते या लोकांना सांगून कळायचं नाही. भर उन्हाळ्यात ती भिंत गार असते, आणि नुसती गार नाही. आपण बोलत असताना कुणीतरी गप्प बसून ऐकावं, तशी ती असते.

"वन्सं! अगं एकटीच काय करायलीस?"

शिडीवरून विठावहिनीचं डोकं वर आलं. अण्णाची बायको. एका हातात कॉफीचा तांब्या, दुसऱ्या हातानं लुगड्याचा ओचा धरलेला. पाठोपाठ गुंडू, सगळ्यांत धाकटा भाऊ, आणि त्याच्या मागे त्याची बायको प्रणिता. तिघंही गल्लीतल्याच अण्णाच्या घरातून आली होती. बंदमुळे आज घरातले सगळे रिकामे होते आणि रिकाम्या माणसांना बैठक सुचते. दुपारी इथंच बसून उद्याचं ठरवायचं, असं अण्णानं काल सांगितलं होतं.

"बाया आल्या नाहीत," कस्तुरी म्हणाली.

"येतील कशा? चालत? आनेकलहून?" गुंडू एका बिल्डरकडे साइटवर सुपरवायझर होता. सिमेंटशिवाय बोलायचा नाही. त्यानं बुटाच्या टोकानं थर दाबून बघितला. "अक्का, मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. स्लॅब टाक. सळ्या बांध, माल ओत, मोकळी हो. हे शंभर वर्षांपूर्वीचं काम आहे."

"दीडशे."

"तेच ते!"

"तुझे स्लॅब किती वर्षं टिकतात रे गुंडू?"

"तीस-चाळीस."

"मग शंभर वर्षं कुणाची वाया गेली?"

प्रणिता हसली. पुण्याची पोरगी, महादेवपुऱ्याकडच्या कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायची. दोन हजार साल लागलं की सगळी मशिनं बावचळणार, ती बावचळू नयेत म्हणून रात्रंदिवस राबायची. आज तिची कंपनीची बस आली नव्हती. "अक्का, सॉरी, पण मला एक सांगा. हे आज झालं नाही तर एक्झॅक्टली काय होईल? म्हणजे ही डेडलाइन कुणी ठरवली?"

"चुन्यानं."

"ओके," प्रणिता म्हणाली. तिनं ओढणी कमरेला गुंडाळली. "मग चुन्याशी निगोशिएट करता येणार नाही. द्या एक."

"अगं तुझे हात!" गुंडू ओरडला.

"अरे गुंडू, माझे हात दिवसभर टकटक करतात. हे जरा मोठं टकटक."

"नवऱ्याला अरे म्हणती, बघ," विठावहिनी म्हणाली. पण म्हणता म्हणता तिनं तांब्या कठड्यावर ठेवला आणि चोपणं उचललं. हातभर लांबीचं, तळाला चपटं, मुठीशी घासून गुळगुळीत झालेलं लाकूड. तिनं ते हातात तोललं. "आमच्याकडं निपाणीला खळं असंच चोपायचो. सोळा वर्षांची होते तोवर. यांनी मला बेंगळूरला आणलं आणि दुकानात गल्ल्यामागं बसवलं. मनगटाला गंज आला की गं वन्सं."

तिघी ओळीनं बसल्या. थप थप थप. कुणाचंच कुणाशी जुळत नव्हतं. गुंडू दोन मिनिटं कठड्याला टेकून बघत राहिला. मग "सुम्ने, उगाच वेळ घालवताय" असं पुटपुटत तोही बसला, आणि तिघींपेक्षा जोरात चोपू लागला. रागानं.

बंदच्या शहराला एक गंमत असते. रोज पेठेत स्वतःच्या छातीचे ठोके ऐकू येत नाहीत. हमाल, लॉऱ्या, भोंगे, मशिदीची बांग आणि देवळाची घंटा एकमेकांच्या अंगावर चढलेली असतात. आज काहीच नव्हतं. तीन गल्ल्या पलीकडे कुणी बादली ठेवली तरी कळत होतं. आणि त्या शांततेत या चार चोपण्यांचा बेसूर धबधबा लांबवर पसरत होता. शेजारच्या गच्च्यांवर माणसं येऊ लागली. कुणी दातवण करत, कुणी पेपर घेऊन. पेठेतलं कुणी कधी या गच्चीकडे मान वर करून बघितलं नव्हतं. आज बघत होते.

कस्तुरी मात्र ऐकत होती. बावीस वर्षांच्या सवयीनं तिचा कान लाइनीतली खरखर पकडायचा. मधल्या भागात आवाज घट्ट होत चालला होता, तिथं चोपणं किंचित उसळत होतं. कठड्याकडे अजून मऊ होता, तेही बरोबर. पण स्वयंपाकघरावरच्या कोपऱ्यात? ती सरकत तिथं गेली. बद्द. परत मारलं. बद्द. लाकूड उसळत नव्हतं, रुततही नव्हतं. फोन उचललेला असावा आणि पलीकडे कुणीच नसावं, तसा.

तिनं नखानं खरवडलं. राखाडी. चुना असा राखाडी नसतो.

"गुंडू."

तो आलाच नाही. चोपत राहिला, मान खाली.

"गुंडू, हे सिमेंट कुणी टाकलं?"

तिघांचेही हात थांबले.

"कोपरा कमजोर वाटत होता," गुंडू म्हणाला. "काल संध्याकाळी बाया गेल्यावर अर्धं पोतं मिसळलं. उद्या साहेब येणार, त्या कोपऱ्यात पाय देईल आणि... मी तुझ्यासाठीच केलं अक्का! मला काय मिळणार होतं?"

"सिमेंट आणि चुना एकत्र नांदत नाहीत रे. ते धावतं, हा चालतो. ते आकसतं आणि याला सोडून जातं. तिथंच भेग पडेल आणि तिथूनच पाणी शिरेल."

"अय्यो देवा," विठावहिनी म्हणाली. "घरचंच माणूस."

गुंडूचं तोंड लहान मुलासारखं झालं. साइटवर दोनशे माणसांना शिव्या घालणारा गडी. कस्तुरीला त्याला थोबाडीत मारावीशी वाटली आणि जवळही घ्यावंसं वाटलं. तिनं दोन्ही केलं नाही. "पहार आण," ती म्हणाली. "कोपरा उकरू. गोणपाटाखाली कालवलेला चुना शिल्लक आहे. पण मग संध्याकाळपर्यंत हात थांबवायचे नाहीत."

गुंडूनं स्वतः उकरला. घामानं निथळत. सिमेंटचे खपले निघाले आणि त्याखाली जुनी बांधणी उघडी पडली. मेस्त्रीनं तिला हात लावला नव्हता, कारण लावायची गरजच नव्हती. उभ्या विटा, एकमेकींना खेटून, तुळयांना तिरप्या लावलेल्या, शेतातल्या पिकासारख्या एका दिशेनं झुकलेल्या. गुंडू गुडघ्यावर बसला. त्यानं एका विटेवर हात ठेवला, मग दुसरीवर. पहार बाजूला ठेवली.

"खाली सळई नाही," तो म्हणाला.

"नाही."

"काहीच नाही. नुसत्या एकमेकींच्या अंगावर रेलून उभ्या आहेत." त्यानं तिरप्या ओळीवरून बोट फिरवलं. "अक्का, मी एवढी वर्षं या लाइनीत आहे. हे मी ड्रॉइंगवरही बघितलं नाही. हे कुणाला सुचलं असेल गं?"

नावं कुणाला माहीत? राजवाडा बांधणाऱ्याचं नाव दगडावर कोरतात. गल्लीतलं अकरा फुटी घर बांधणाऱ्याचं नाव घरमालकानंही लक्षात ठेवलं नसेल.

*

अण्णा आला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, छत्री, कपाळावर गंध. तो वर चढला नाही. पुढच्या खोलीत बाकावर बसला आणि खालून हाक मारली. कस्तुरी शिडीवरून उतरली, कोपरापर्यंत चुना. विठावहिनी शिडीच्या मधल्या पायरीवरच बसली, ना खाली ना वर. गुंडू आणि प्रणिता वर चोपत राहिले. छतातून दोघांची थपथप येत होती.

"बस," अण्णा म्हणाला.

"उभीच बरी. हात थांबवून चालणार नाही."

"कस्तुरी, मी फिरवून-फिरवून बोलत नाही. उद्या मी पायरीवर उभा राहणार नाही." त्यानं छत्री गुडघ्यावर आडवी ठेवली. "मला खोटं बोलता येत नाही. माती-चुन्याचं घर. पक्कं आहे असं मी सरकारी माणसाला कुठल्या तोंडानं सांगू? उद्या तुझ्याच डोक्यावर पडलं तर? मला वाटत नाही का? तू आमच्याकडे येऊन राहा. वरची खोली देतो. नुकसानभरपाई मिळेल, ती बँकेत टाक."

प्रेमानंच बोलला. हीच तर त्यात वाईट गोष्ट होती.

"अण्णा, ही भिंत बघा," कस्तुरी म्हणाली. "दोन फूट. खाली दगड, वर वीट. मागच्या अंगणात नीळ भिजवायचे दगडी हौद आहेत अजून. घासले, धुतले, ॲसिड टाकलं. निळा जात नाही. आपले पणजोबा याच गल्लीत रंगारी होते. कदाचित याच हौदात—"

"कदाचित! तुझं सगळं कदाचितवर चालतं. आपलं घर हे नव्हतं. कुणाचं होतं तेही माहीत नाही."

"आपलं नव्हतं म्हणूनच सांगतेय. आपलं असतं तर मी वारसा म्हणून रडले असते. हे कुणाचंच नाही. कुणीच रडणार नाही म्हणून तर सगळे टपलेत."

"कस्तुरी, सरी, बरं, पुरे. माझा निर्णय झाला. मला खोटं—"

"मग खरं सांगा की," शिडीवरून आवाज आला.

विठावहिनी. तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला होता आणि ती नवऱ्याकडे नाही, समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"सुलाखे सिल्क्सची पाटी मोठ्या रस्त्यावरनं दिसत नाही, कारण मध्ये हे घर आडवं येतं. हे पडलं, गल्ली रुंद झाली, की आपलं दुकान कोपऱ्यावर येतंय. फुलीच्या आदल्या दिवशी साहेब दुकानात आला होता, कॉफी मीच दिली. 'ती समोरची पडकी भिंत' असं कोण म्हणालं, तेही मीच ऐकलं."

वरची थपथप चालू होती.

"विठा!" अण्णा म्हणाला.

"ओरडू नका. बंद आहे. सगळी पेठ ऐकतीय."

कस्तुरीला वाटलं, आपल्याला राग यायला हवा. एवढा राग तिनं साहेबासाठी साठवला होता, त्यातला मूठभर तरी इकडे यायला हवा होता. पण तो आलाच नाही. तीन दिवस जिच्याशी ती मनात भांडत होती ती काठी साहेबाच्या हातात होती. बोट मात्र घरातलं होतं. तिनं भिंतीला पाठ टेकली. भिंत गार होती.

अण्णा उठला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. लाजेनं की संतापानं, ते कळत नव्हतं. बायकोनं तीस वर्षांत पहिल्यांदा चारचौघांत उत्तर केलं होतं. तो दरवाज्याशी गेला, चपलेत एक पाय घातला, आणि तसाच थांबला.

वर गुंडू आणि प्रणिता चोपत होते. थप-थपथप. थप. थपथप-थप.

"काय चाललंय हे?" अण्णा छताकडे बघून म्हणाला. "ढोल वाजवताहेत का काय? एकाचा उतरतोय तेव्हा दुसऱ्याचा पडतोय. दोन्ही वाया." त्यानं दुसरा पाय चपलेत घालायचा प्रयत्न केला. जमलं नाही. "ए गुंड्या! अरे वजन मारू नकोस! पडू दे त्याला! उचल, सोड. उचल, सोड!"

वरून गुंडू ओरडला, "काय अण्णा?"

"काय अण्णा काय! कान फुटलेत का?"

आणि चप्पल तिथंच टाकून, गुडघ्यांवर हात ठेवत, विठावहिनीला "हो बाजूला" म्हणत तो शिडी चढू लागला.

*

हे फक्त सुलाख्यांच्याच घरात होऊ शकलं असतं. दादा, म्हणजे या तिघांचे वडील, हातानं कापड छापायचे. लाकडी ठसा रंगात बुडवायचा, कापडावर ठेवायचा, वरून मूठ मारायची. ठेव, मार. ठेव, मार. लहानपणी अण्णा त्यांच्या शेजारी बसून मूठ मारायचा, आणि ठोका चुकला की रंग फाकायचा आणि दादांचा हात पाठीत बसायचा. नंतर मिलचं कापड आलं, ठसे चुलीत गेले, अण्णानं काचेच्या शोकेसचं दुकान टाकलं आणि दुसऱ्यांनी रंगवलेल्या साड्या विकल्या. ठोका मात्र पाठीत बसून राहिला होता.

त्यानं शर्ट काढून कठड्यावर ठेवला. बनियनवर, मांडी घालून, ओळीच्या टोकाला बसला. "चौघंही माझ्याकडे बघा. ठेव म्हटलं की उचलायचं. मार म्हटलं की सोडायचं. जोर लावायचा नाही. लाकडाला वजन आहे, ते त्याचं काम करेल. प्रणिता, बेटा, मनगट ढिलं. स्वल्प ढिलं. हां. ठेव... मार."

थप्प.

पाच चोपण्यांचा एक आवाज. पहिल्यांदाच. शेजारच्या गच्चीवर पेपर वाचत बसलेला माणूस पेपर मिटून उभा राहिला.

"ठेव... मार."

कस्तुरी त्याच्या शेजारी बसली होती. रागावलेली होतीच. पण हातांना राग कळत नव्हता. ते अण्णाच्या आवाजाबरोबर वर जात होते आणि खाली येत होते. विठावहिनीनं पाणी शिंपडलं, गुळाचा आंबूस वास उठला. ओळ मागं सरकत गेली, कोपऱ्यापर्यंत आणि परत. प्रणिताच्या तळहाताला फोड आला, तिनं ओढणीचा तुकडा बांधला. गुंडूनं तिच्याकडे बघितलं, तिनं डोळ्यानंच "गप" म्हटलं. उन्हं कलली. तीन-चार गच्च्यांवर आता माणसांच्या रांगा होत्या आणि त्यांतली काही पोरं कठड्यावर हातानं तोच ठेका धरत होती. सगळं शहर बंद आणि एकच गोष्ट चालू.

आणि मग ते झालं.

कुणी केलं नाही, झालं. थप्प म्हणून पडणारं लाकूड एका फटक्याला उसळलं आणि आवाज आला टण्ण. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. अण्णा "मार" म्हणायचा विसरला. सगळ्यांनी परत मारलं. टण्ण! पितळी घागरीवर टिचकी मारावी तसा, पण घागर घराएवढी. आवाज खाली गेला, विटांतून तुळयांत, तुळयांतून भिंतीत. कस्तुरीला तो मांड्यांतून, मणक्यातून कळला. अंगणातल्या हौदांवर बसलेली कबुतरं एकदम उडाली. सगळं घर, पायापासून गच्चीपर्यंत, एकसंध वस्तूसारखं वाजलं आणि हळूहळू शांत झालं.

प्रणिता आडवी झाली आणि तिनं गच्चीला कान लावला. "अजून आहे," ती कुजबुजली. "आत अजून आवाज फिरतोय. गुंडू, ऐक ना."

गुंडूनं कान लावला. सिमेंटचा माणूस, दोन्ही तळहात गच्चीवर पसरून, नमाजाला वाकावा तसा वाकला होता. उठला तेव्हा त्याच्या गालाला चुना लागला होता. "मी यावर ट्रक चढवीन," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात देवाचं नाव यावं तसा तो ट्रक आला होता.

विठावहिनीनं हात जोडले. कुणाला ते तिलाही माहीत नसावं. बांधणाऱ्याला, चुन्याला, गुळाला, का ज्यांनी ही अक्कल शोधली आणि नाव न सांगता मरून गेले त्या सगळ्यांना.

अण्णा तसाच बसला होता. मांडीवर चोपणं, तळहात उघडे. त्यानं एकट्यानंच, बोटाच्या पेरानं, गच्चीवर टकटक केलं. कान देऊन ऐकलं. परत केलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं; कस्तुरीनं भावाच्या डोळ्यांत पाणी दादा गेले तेव्हाही बघितलं नव्हतं.

"दादा म्हणायचे," तो सुरू झाला आणि थांबला. "कुणाला सांगितलं नाही हे कधी. दगडाला, लाकडाला नीट हाताळलं की ते उत्तर देतं, असं म्हणायचे. मला वाटायचं, म्हातारा असंच बोलतो."

"अण्णा," कस्तुरी म्हणाली.

"छान झालं गं. फार छान झालं." तो शर्टाकडे हात नेत उठू लागला. "आता सगळे दमलात. जेवण करू. उद्याचं उद्या बघू."

"नाही."

आवाज मोठा नव्हता. पण शेजारच्या गच्च्यांवरही ऐकू गेला.

"उद्याचं उद्या नाही, अण्णा. उद्या दहाला तुमच्यासमोर साहेब असेल, त्याची जीप असेल आणि समोर तुमचं दुकान असेल. तेव्हा तुम्हाला हा आवाज आठवणार नाही. दुपारी तुम्ही म्हणालात, खोटं बोलता येत नाही. मान्य. दुकान रस्त्यावर आलं तर बरकत येईल हेही मान्य, पोरांची शिक्षणं आहेत, मी आंधळी नाही. फुली कुणी दाखवली यावरही मी बोलणार नाही; ते तुम्ही आणि वहिनी बघा. मला एकच सांगा." तिनं चोपणं खाली ठेवलं आणि उभी राहिली. "तुमच्या मुठीखाली हे घर पक्कं झालं. पाच जणांनी ऐकलं, अर्ध्या पेठेनं ऐकलं. तुम्ही सगळ्यांत आधी ऐकलंत. उद्या त्या पायरीवर उभं राहून जे ऐकलंत ते सांगणार, की शटर वर करून गप्प बसणार? हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. पण खाली उतरून नाही. इथं, यावर उभे राहून म्हणा. बोला अण्णा. काय सांगणार?"